वजन उतरविण्याच्या उपायांची कथा

आपली मराठी भाषा लठ्ठपणाच्या बाबतीत मोठी दुटप्पी आहे. लहान मूल गुबगुबीत झाले की आपण कौतुकाने म्हणतो, "बाळसं छान धरलंय हो!" लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीचे गाल वर आलेले दिसले की 'तब्येत सुधारली' म्हणून आईचा जीव भांड्यात पडतो. मध्यमवयीन गृहस्थाचे पोट जरा पुढे आले, तर तो 'खात्यापित्या घरचा' ठरतो. पण हेच पोट आणखी चार बोटे पुढे गेले की त्याच गृहस्थाचा 'ढेरपोट्या' होतो आणि मग त्याच्यावर हसायला सर्वांना परवाना मिळतो. हसणारा असे धरूनच चालतो की, हा मनुष्य खादाड असला पाहिजे, आळशी असला पाहिजे, आणि मनात आणील तर महिन्या-दोन महिन्यांत सडपातळ होईल.

हे खरे आहे का? वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर वजन उतरविण्यासाठी माणसाने आजवर काय काय केले, ते ओळीने पाहावे लागेल. दोन हजार वर्षांची ही हकीकत आहे. तिच्यात वैद्य आहेत, राजा आहे, अंत्ययात्रांची व्यवस्था पाहणारा एक व्यापारी आहे, आणि शेवटी शेवटी एक विषारी सरडाही आहे.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एकविसावा अध्याय आहे. लोक ज्यांच्या शरीराला नावे ठेवतात अशा आठ प्रकारच्या माणसांचा उल्लेख करून त्यांतल्या अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोघांचा तेथे तपशिलाने विचार केलेला आहे. फार स्थूल माणसाचे आयुष्य घटते, हालचाल मंदावते, घाम फार येतो, भूक आणि तहान फार लागते, असे चरक सांगतो. कारणे म्हणून तो जड, गोड, स्निग्ध अन्न, व्यायामाचा अभाव, दिवसाची झोप, निश्चिंतपणा ही सारी यादी देतो. इथपर्यंत नवल नाही. पण यादीच्या अखेरीस तो बीजस्वभाव हेही एक कारण देतो. म्हणजे आईबापांकडून आलेला देहाचा स्वभाव! त्याहून महत्त्वाचे पुढेच आहे. मेदाने शरीरातील मार्ग अडले की कोठ्यातला वायू अग्नीला फुंकर घालतो, खाल्लेले लवकर पचते आणि पुन्हा अन्नाची वासना होते, अशी उपपत्ती तो मांडतो. आजच्या शरीरशास्त्राची ही भाषा नव्हे. तरी विचार पाहा. स्थूल माणसाची भूक हा त्याचा दुर्गुण नसून त्याच्या दुखण्याचाच एक भाग आहे, असे हा वैद्य म्हणतो आहे. म्हणून उपायही तसाच: पोटाला जड पण अंगाला न लागणारे अन्न द्यावे. जव, कुळीथ, मूग, ताकाचे अरिष्ट, त्रिफळा, मधपाणी ही त्यातली काही नावे. व्यायाम वाढवावा, तोही क्रमाक्रमाने. एका दमात नव्हे.

चरकानंतर कित्येक शतकांनी, दूर स्पेनमध्ये, लठ्ठपणापायी एका राजाचे सिंहासन गेले. लिऑन राज्याचा राजा पहिला सांचो इतका स्थूल होता की इतिहासात त्याचे नावच 'लठ्ठ सांचो' असे राहिले. घोड्यावर बसता न येणारा राजा त्या काळी काय कामाचा? ९५८ साली सरदारांनी त्याला पदच्युत केले. त्याची आजी, नावार्‍याची राणी तोडा, मोठी खटपटी बाई. तिने नातवाला घेऊन थेट कोर्दोव्याच्या खलिफाचा दरबार गाठला. तेथे हसदाय इब्न शाप्रुत या ज्यू वैद्याने त्याच्यावर उपचार केले. राजा हलका झाला आणि खलिफाच्या सैन्याच्या जोरावर त्याने राज्य परत मिळविले. अर्थात बदल्यात काही किल्ले देण्याचे कबूल करून. वजन उतरविण्याची इतकी मोठी फी क्वचितच कोणी मोजली असेल! तो वाचला खरा, पण ध्यानात ठेवा, त्याच्या दिमतीला खलिफाचा राजवैद्य आणि देखरेखीखाली जाणारा दिवस होता. सामान्य माणसाला असे कोण देणार?

सामान्य माणसाचा उपाय छापून निघाला तो १८६३ मध्ये, लंडनला. विल्यम बँटिंग हे पासष्टीचे गृहस्थ. त्यांच्या पेढीचा धंदा अंत्ययात्रांच्या व्यवस्थेचा. राजघराण्यातील अंत्ययात्राही याच पेढीकडे असत. उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळजवळ ९२ किलो. बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. जिना उतरायचा तर पाठमोरे होऊन, हळूहळू. चारचौघांत गेले की लोक टोमणे मारीत, त्याचे दुःख त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. उपाय काही थोडे केले नव्हते. एका डॉक्टरने होडी वल्हवायला सांगितले. यांनी रोज वल्हविले. दंड भरले, पण भूक अशी सपाटून लागू लागली की वजन उलट वाढले. तुर्की स्नाने झाली, गावोगावच्या झर्‍यांचे पाणी पिऊन झाले. शेवटी ऐकू कमी येते म्हणून ते कानाच्या डॉक्टरकडे गेले. हे डॉक्टर विल्यम हार्वे पॅरिसला मधुमेहावरील व्याख्याने ऐकून आलेले होते. त्यांनी पाव, साखर, दूध, बीर आणि बटाटे बंद करून मांस, मासे, थोडी फळे व भाज्या यांवर भर द्यायला सांगितले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. बँटिंगनी आपला अनुभव लिहून स्वखर्चाने छापला आणि प्रती फुकट वाटल्या. पुस्तिका इतकी गाजली की इंग्रजीत त्यांच्या आडनावाचे क्रियापद झाले. स्वीडिश भाषेत तर आजही पथ्याने वजन उतरविण्याला 'बांटा' असेच म्हणतात. ते स्वतः ८१ वर्षे जगून १८७८ साली वारले.

बँटिंगांच्या कथेत होडीचा भाग विसरू नका. व्यायामाने प्रकृती सुधारते, रक्तदाब आणि साखर ताळ्यावर राहते, उतरलेले वजन टिकायला मदत होते. हे सगळे खरे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा जो ध्यास घेतला आणि संस्थानातील शाळांत ते सुरू केले, त्याचे मोल कमी नाही. पण नुसत्या व्यायामाने वजन भराभर उतरेल ही समजूत चुकीची. तासभर झपाझप चालले तर साधारण माणसाचे अडीचशे-तीनशे उष्मांक खर्च होतात. आणि परतताना कोपर्‍यावर दोन बटाटेवडे खाल्ले की हिशेब फिटला!

हा उष्मांकांचा हिशेब आला कोठून? अमेरिकेत मिडलटाउन येथे विल्बर ॲटवॉटर यांनी १८९० नंतरच्या दशकात एक बंदिस्त खोली तयार केली. त्या खोलीत माणसाला काही दिवस ठेवायचे, तो काय खातो, किती उष्णता बाहेर टाकतो, सारे मोजायचे. त्यावरून सिद्ध झाले की मनुष्यदेहालाही जमाखर्चाचा नियम चुकत नाही. एक ग्रॅम पिष्ट किंवा प्रथिन म्हणजे सुमारे ४ उष्मांक, एक ग्रॅम चरबी म्हणजे ९. पुढे १९१८ मध्ये डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी हा हिशेब घरगुती भाषेत सांगणारे पुस्तक लिहिले आणि लाखो बायका पावाचे तुकडे मोजण्याऐवजी उष्मांक मोजू लागल्या. हिशेब खरा होता. पण त्याबरोबर एक खोटी समजूत घरोघर शिरली: वजन म्हणजे नुसती वाण्याची वही, जमा कमी करा, शिल्लक आपोआप घटेल. ज्याची घटत नाही तो चोरून खात असला पाहिजे!

वहीचा हा भ्रम एका प्रयोगाने उघडा पाडला. १९४४-४५ साली, महायुद्धाच्या अखेरीस, मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्ध्या पोटी ठेवले. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे हे तरुण स्वेच्छेने पुढे आले होते. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे पोसावे, हे शोधणे हा हेतू. त्यांचे वजन सुमारे पाव हिश्शाने उतरले. पण आणखी काय झाले, ते ऐका. त्यांच्या शरीराने खर्चच कमी केला. हातपाय गार पडू लागले, नाडी मंदावली, चालणे जड झाले. जेवणाशिवाय दुसरा विचार सुचेना. कित्येक जण पाककृती गोळा करीत बसले. आणि अन्न पुन्हा मिळू लागल्यावर पोट भरले तरी भूक भागेना. हे लठ्ठ नव्हते, आळशी नव्हते, दुबळ्या मनाचे तर मुळीच नव्हते. आपल्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे म्हणून आपण उपास करणार्‍याची थट्टा करतो. पण या म्हणीत शरीराचा एक धर्मच सांगितलेला आहे. उपाशी ठेवलेला देह सूड घेतल्याप्रमाणे परत मागतो.

मग, भूकच नको, गोळी द्या, असे लोक म्हणू लागले तर दोष कोणाला द्यावा? पण हा अध्याय वाचताना अंगावर काटा येतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल हे रसायन हाताळणारे कामगार रोडावत, तापाने फणफणत आणि काही मरतही. १९३३ साली तेच रसायन अमेरिकेत वजन उतरविण्याचे औषध म्हणून पुढे आले! अंगातली चरबी जळे हे खरे. पण कोणाला मोतीबिंदू झाला, कोणी आतल्या उष्णतेने अक्षरशः भाजून मेले. १९३८ च्या नव्या कायद्यानंतर अमेरिकेत त्याला बंदी झाली. मग ॲम्फेटामिनच्या गोळ्या आल्या. त्यांनी भूक मरे, पण झोपही मरे आणि चटक लागे. पुढे फेनफ्लुरामिन आले. हृदयाच्या झडपा बिघडतात असे दिसून आल्यावर १९९७ मध्ये तेही मागे घ्यावे लागले. या प्रत्येक गोळीच्या ग्राहकाला घाई होती, आणि त्या घाईच्या मुळाशी बरेचदा लोकांचे हसणे होते, हे आपण विसरू नये.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. १९५४ मध्ये मिनेसोटातच क्रेमेन आणि लिनर या शल्यवैद्यांनी लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून दोन टोके जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. कल्पना सरळ होती: खाऊ दे किती खायचे ते, अंगाला लागायला वाटच ठेवायची नाही. वजन उतरले, पण जुलाब थांबेनात, मूत्रपिंडात खडे झाले, कित्येकांचे यकृत निकामी झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातला हा प्रकार. पुढे ही शस्त्रक्रिया सोडून द्यावी लागली.

आयोवा विद्यापीठातील डॉ. एडवर्ड मेसन यांची नजर दुसरीकडे गेली. अल्सरसाठी ज्यांच्या जठराचा भाग कापून टाकला आहे, असे रोगी पुन्हा अंगाने भरत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. १९६६ साली त्यांनी जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करून तो आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. हीच आज गॅस्ट्रिक बायपास म्हणून ओळखली जाते. १९९० नंतर पोट न फाडता दुर्बिणीतून ती होऊ लागली. जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून त्याची निमुळती नळी करणारी स्लीव्ह शस्त्रक्रियाही पुढे रूढ झाली.

आणि येथे मोठी मौज झाली. सर्वांना वाटत होते की, पोट लहान केले म्हणून माणूस कमी खातो, एवढेच. पण पोट लहान झाले तरी भूक मोठीच राहिली असती, तर माणसाचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते. प्रत्यक्षात रोगी सांगू लागले, "डॉक्टर, पूर्वीसारखी भूकच लागत नाही." शिवाय मधुमेही रोग्यांची साखर वजन उतरण्यापूर्वीच, काही दिवसांत खाली येऊ लागली. १९९५ साली अमेरिकेतील ग्रीनव्हिल येथील डॉ. वॉल्टर पोरीझ यांनी आपले आकडे प्रसिद्ध केले: १४६ मधुमेही रोग्यांपैकी १२१ जणांची साखर शस्त्रक्रियेनंतर ताळ्यावर आली होती. स्वीडनमध्ये चार हजारांहून अधिक स्थूल लोकांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे पाव हिश्शाने कमी असल्याचे २००७ मध्ये जाहीर झाले. कात्री चालली होती जठरावर, पण संदेश बदलले होते मेंदूकडे जाणारे!

हे संदेश कोणते, त्याचा शोध याच सुमारास लागत गेला. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिन शोधले. चरबीतून निघून 'साठा पुरेसा आहे' असे मेंदूला कळविणारे हे संप्रेरक. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून निघणारे घ्रेलिन सापडले. ते भूक चाळवते. आतड्यातूनही जेवणानंतर 'आता पुरे' असे सांगणारे एक संप्रेरक निघते, पण ते काही मिनिटांतच नाहीसे होते. आता तो सरडा. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात या संप्रेरकासारखेच, पण टिकाऊ द्रव्य असल्याचे १९९२ मध्ये डॉ. जॉन एंग यांनी दाखविले. त्यातून २००५ साली मधुमेहाचे औषध आले आणि त्याच जातीचे सेमाग्लुटाइड २०२१ मध्ये अमेरिकेत वजनासाठी मान्य झाले. ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. मात्र औषध थांबविलेल्यांचे उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आले. देह आपला जुना हिशेब विसरत नाही, हेच पुन्हा दिसले.

आता तुम्ही विचाराल, या परदेशच्या गोष्टींशी आपला संबंध काय? आहे, आणि तो पुण्यातूनच जगाला कळला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. आपली मुले जन्मतः इंग्लंडच्या मुलांपेक्षा वजनाने पुष्कळ हलकी असतात. पण जे कमी असते ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. चरबी मात्र त्या मानाने राखलेली! २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी एक गमतीदार पण विचार करायला लावणारी तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. म्हणजे आपला सडपातळ माणूस दिसतो तसा सडपातळ असतोच असे नाही.

म्हणून आपली मापेही वेगळी आहेत. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. भागाकार २३ च्या पुढे गेला की भारतीयाने सावध व्हावे, २५ ला तो लठ्ठपणा समजावा. १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ६४ किलोवर २५ येतात. तुमच्या-आमच्या घरात असे किती जण निघतील! कंबर पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरपर्यंत असावी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, याहून सैल अशा जागतिक मापानेही, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळजवळ २३ टक्के पुरुष वाजवीपेक्षा वजनदार निघाले. आणि त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रिया फार कृश होत्या. चरकाने एकाच अध्यायात बसविलेले ते दोघे आज एकाच गल्लीत राहतात.

मग करावे काय? आहार आणि चालणे यांचा पाया सुटत नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांनी ७ टक्के वजन उतरविण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्याचे व्रत घेतले, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटल्याचे २००२ मध्ये दिसले. चेन्नईला तशाच प्रयोगात २००६ मध्ये ते २८.५ टक्क्यांनी घटले. थोडे उतरले तरी लाभ मोठा आहे. बारीक दिसणे हा हेतू ठेवूच नये. एवढ्याने ज्यांचे भागत नाही त्यांना औषध आहे. आणि ज्यांचा भागाकार फार पुढे गेला आहे त्यांना शस्त्रक्रिया आहे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच तिचा विचार व्हावा असे सांगितले आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर जन्मभर जीवनसत्त्वे घ्यावी लागतात, तपासण्या कराव्या लागतात, आणि काही जणांचे थोडे वजन परतही येते. ही वाट अनुभवी डॉक्टरबरोबर चालायची आहे, भिंतीवरची जाहिरात वाचून नव्हे. 'महिन्यात दहा किलो' असे वचन देणार्‍या पुड्या आणि चूर्णे पाहिली की डायनायट्रोफेनॉलची आठवण ठेवावी.

आणि ज्यांना स्वतःला वजनाचा त्रास नाही, त्यांच्याही वाट्याला एक काम येते. घरातल्या लठ्ठ मुलाला पंगतीत टोचून बोलू नये. त्याला लागणारी भूक त्याने निवडलेली नाही. त्याच्या ताटात भाजी, उसळ, ताक वाढावे. तेच आपल्याही ताटात घ्यावे. आणि जेवणानंतर त्याच्याबरोबर आपणही फिरायला निघावे. दोन हजार वर्षांच्या उपायांत टोमणा हा एकच उपाय असा आहे की, ज्याने आजवर कोणाचेही वजन उतरलेले नाही.